आमचं नाणं हाली आहे, खोटं नाही



गेल्या आठवड्यात आपल्या एका ग्रुपवर गणपतीच्या कार्यक्रमांची चर्चा चालली होती. त्यात एका ज्येष्ठ सभासदांनी लिहिलं, "ज्या मुलांना शुद्ध मराठी येत नाही त्यांना कृपया स्टेजवर चढवू नये. आपलंच हसं होतं." खाली पंचवीस-तीस अंगठे. त्यातला एक अंगठा आमच्या घरातलाच, सौ.चा. मी वाचलं, फोन बाजूला ठेवला, परत उचलला. रात्री झोप लागेना. म्हणून आज सविस्तर लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा. आणि आधीच सांगतो, हे कुणा एकावर लिहिलेलं नाही. यात पहिला आरोपी मीच आहे. ते पुढे येईल.

माझं सगळं आयुष्य आबिड्सच्या आसपास गेलं. लहानपण चिराग अली गल्लीत, शाळा-कॉलेज पायी चालत जाण्याच्या अंतरावर, पुढे बँकेची नोकरी, आणि आता निवृत्तीनंतर रविवारी सकाळी फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात एक चक्कर. जी.पी.ओ.पासून टिळक रोडपर्यंत कुठलं दुकान आधी काय होतं ते मी झोपेत सांगीन. पण 'आबिड्स' हे नाव कुणाचं, हे आपल्यातल्या किती जणांनी मुलांना सांगितलंय? अल्बर्ट अबीद नावाचा एक आर्मेनियन माणूस होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा तो खासगीतला खिदमतगार. त्याने इथे दुकान काढलं. दुकान गेलं, निजामही गेले, चौकाला नाव त्याचं राहिलं. त्याचं उर्दू शुद्ध होतं की नव्हतं याची चौकशी या गावाने केली नाही. त्याला दुकान चालवता येत होतं, तेवढ्यावर गावाने त्याला आपलं मानलं. अशा गावात राहून आपण आपल्याच पोरांची तोंडी परीक्षा घेतो.

आता माझ्या धंद्यातलं एक उदाहरण देतो. जुन्या मंडळींना माहीतच आहे, नव्यांसाठी सांगतो. निजामाच्या राज्यात चलन वेगळं होतं. त्याला 'हाली सिक्का' म्हणत, पुढे उस्मानिया सिक्का. रुपयावर चारमिनार. १९१८ पासून नोटासुद्धा स्वतःच्या. इंग्रजांच्या रुपयाला आपल्याकडे 'कलदार' म्हणायचे. भाव ठरलेला होता : १०० कलदार म्हणजे ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सरळ हिशेबात सहा कलदारला सात हाली. १९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँक निघाली ती या सिक्क्याचाही कारभार बघायला. गनफाउंड्रीला मुख्य कचेरी असलेली ती बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ साली स्टेट बँकेत विलीन झाली.

आमच्या वडिलांच्या तोंडी म्हातारपणापर्यंत 'हाली की कलदार?' हा प्रश्न होता. कुणी पगार सांगितला, हुंडा सांगितला, घराची किंमत सांगितली की त्यांचा पहिला सवाल हाच. पण हाली रुपयाला त्यांनी कधी खोटा रुपया म्हटलं नाही. त्याने सुलतान बाजारात भाजी यायची, शाळेची फी भरली जायची, लग्नं व्हायची. कलदारपेक्षा भाव थोडा कमी, बस. सातला सहा. सातला शून्य नव्हे!

आपलं हैदराबादचं मराठी हे असं हाली नाणं आहे. आणि आपण काय करतो? पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की ते खिशात लपवतो आणि खिशात नसलेला कलदार खुळखुळवायला बघतो.

मी स्वतः काही कमी लपवलं नाही. लग्न झालं तेव्हा सासुरवाडी पुण्याची. पहिल्या पंगतीत मी आपला सहज म्हणालो, "पप्पू थोडा आणखी वाढा." आमच्याकडे वरणाला पप्पू म्हणायची सवय, शेजार सगळा तेलुगू. तिकडे पप्पू म्हणजे सौ.चा पाच वर्षांचा भाचा! सगळी पंगत हसली. तो पोरगा दाराआड जाऊन लपला. मीही हसलो, पण त्या दिवसापासून पुण्यात गेलो की मी मुका. चार दिवस 'हो', 'नाही', 'छान' एवढ्यावर काढायचो. सासरेबुवा म्हणायचे, जावई फार शांत आहेत. शांत कसले, घाबरलेले! बँकेत ऑडिटरशी तासन् तास वाद घालणारा माणूस मी, आणि पुण्यात 'चहा नको' म्हणताना 'नक्को' निघेल या भीतीने नको असलेला चहासुद्धा पीत होतो.

आता त्या 'नक्को'चंच बघा. आख्खं हैदराबाद 'नक्को' म्हणतं. चारमिनारपासून सिकंदराबादपर्यंत रिक्षावाला, दुकानदार, कॉलेजची पोरं, सगळे. तो शब्द कुणाचा? आपल्या 'नको'चा. दख्खनीत 'अभीच आया', 'मैंच बोला', 'वैसाच है' असं म्हणतात, तो 'च' कुणाचा? आपला. लखनौ-दिल्लीचा उर्दूवाला या 'च'ला हसतो. म्हणजे शेकडो वर्षं या मुलखात मराठी माणूस बाकीच्यांच्या इतका मिसळून राहिला की त्याचा एक अक्षराएवढा प्रत्यय शेजाऱ्याच्या भाषेत जाऊन बसला. ही कमाई आहे की नाही? आणि मिसळताना आपण दिलं तसं घेतलंही. घेतल्याशिवाय देता येत नाही. माझ्या नातीने "आजी, मला परेशान नको करू" म्हटलं तर त्यात बिघडलं काय? अर्ज, फौजदार, दप्तर हे शब्द पुण्यातसुद्धा फारसीतूनच आले. ते आधी आले म्हणून शुद्ध, आणि 'परेशान' उशिरा आला म्हणून अशुद्ध?

सेतुमाधवराव पगडींचं नाव आपल्या प्रत्येक कार्यक्रमात निघतं. निघायलाच पाहिजे. पण ते कोण होते ते नीट आठवा. हैदराबाद संस्थानच्या नोकरीतले अधिकारी. उर्दू, फारसीत मुरलेले. तेलुगू येणारे. आदिवासी भागात काम पडलं तर गोंडी शिकले. शिवकालाचा इतिहास लिहिताना त्यांना फारसी कागद मुळातून वाचता आले ते या मातीमुळे. नुसत्या शुद्ध मराठीवर ते पगडी झाले नसते. आणि उलट बाजू बघायची तर पी. व्ही. नरसिंह राव. तेलुगू माणूस, पण मराठी इतकं पक्कं की हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी तेलुगूत नेली. चार भाषांच्या चौकात उभं राहणं ही इथल्या माणसाची ताकद आहे. आपण ती लाज म्हणून सांगतो.

आता दुसरी बाजू. कमजोरीलाच गुण म्हणायची एक नवीन फॅशन निघालीय, तीही मला मान्य नाही. 'आम्ही असेच, आम्हाला आहे तसं स्वीकारा' म्हणून मिशीला पीळ द्यायचा, हे बँकवाल्याला पटत नाही. सातला सहा भाव म्हणजे तूट आहेच. ती ताळेबंदात दाखवावी लागते. जी बँक फक्त येणं दाखवते आणि देणं दडवते, तिचं काय होतं ते सर्वांना ठाऊक आहे. तर आपलं देणं मी लिहून देतो, वाईट वाटून घेऊ नका.

एक, आपल्याला लिहिता येत नाही. मला धरून. मी बी.कॉम., नोकरीभर इंग्रजीत ड्राफ्टिंग केलं, वडिलांचं शिक्षण उर्दू माध्यमातलं. ऱ्हस्व-दीर्घ मला आजही छळतं. ही पोस्टसुद्धा मी सौ.कडून तपासून घेतलीय.

दोन, आपण नपुंसकलिंग जवळजवळ हरवलंय. 'ते पुस्तक' आपल्या पोरांच्या तोंडात 'ती' होतं नाहीतर 'तो' होतं. हिंदी कानावर, तेलुगू रस्त्यावर, इंग्रजी शाळेत. १९०७ पासून विवेकवर्धिनीसारख्या शाळेनं इथे मराठी धरून ठेवलं, पण त्या वर्गांत आपण आपली मुलं किती पाठवली ते आपलं आपल्याला माहीत. मीसुद्धा माझ्या मुलाला इंग्रजी शाळेतच घातलं.

तीन, आणि हे जास्त टोचेल. 'आपली मराठी माणसं' म्हणताना आपण ठरावीक गल्ल्यांतल्या, ठरावीक आडनावांच्या माणसांना धरतो. तेलंगणात आरे मंडळी आहेत. पिढ्यान् पिढ्या इथले, घरात मराठीचीच एक बोली बोलणारे. बाजारात कितीदा तरी ते शब्द माझ्या कानावर पडलेत. मी अनेक वर्षं आमच्या मंडळाचा खजिनदार होतो. वर्गणीची यादी माझ्याच हाताने लिहायचो. त्यांच्यातल्या एकाही घरी आम्ही पावतीपुस्तक घेऊन गेल्याचं मला आठवत नाही. का? तर त्यांचं मराठी 'आपल्यासारखं' नाही. म्हणजे पुणेकर जे आपल्याशी करतो असं आपण म्हणतो, तेच आपण खालच्या पायरीवर करतो!

आता माझा गुन्हा.

वीस एक वर्षं झाली असतील. आमच्या गणपतीत एक सोळा वर्षांची मुलगी सूत्रसंचालन करत होती. त्या वर्षीचं मंडपाचं निम्मं काम तिने केलं होतं. लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज तेलुगूत तिने लिहिला, कारण आम्हा कमिटीवाल्यांपैकी एकालाही तेलुगू लिहिता येत नव्हतं. मंडपवाल्याशी भाव तिने केला. तात्पुरत्या कनेक्शनसाठी लाइनमनशी बोलली तीच. आणि संध्याकाळी माईकवर ती म्हणाली, "आता काका त्यांची गाणं म्हणणार." पहिल्या रांगेतून आवाज आला, "त्यांचं! गाणं ते असतं, ते!" सगळा मंडप हसला. तिने सॉरी म्हटलं, पुढच्याच वाक्यात पुन्हा चुकली, पुन्हा हशा. तिसऱ्या वेळी माईक दुसऱ्या कुणाच्या हातात होता.

तो आवाज माझा नव्हता. पण मी हसलो. पोट धरून हसलो. पुण्याच्या पंगतीत ज्याला घाम फुटला होता तो मीच, मंडळी. तरी मला त्या क्षणी काही आठवलं नाही. उलट मनातून बरं वाटलं की आज हसणाऱ्यांच्या रांगेत मी आहे.

ती परत आली नाही. पुढच्या वर्षी तेलुगूत अर्ज लिहायला आम्ही पैसे देऊन बाहेरचा माणूस लावला. हळूहळू तिच्या वयाची बाकीची पोरंही गळाली. आज कमिटीत सर्वांत तरुण सभासद अठ्ठावन्न वर्षांचा आहे. आणि मीटिंगमध्ये विषय काय? 'नवी पिढी येत नाही.' येईल कशी? आलेलीला आपण हसून घालवली.

बँकेत आम्ही असं केलं असतं तर शाखा बंद पडली असती. मी नोकरीला लागलो तेव्हा जून-डिसेंबरची क्लोजिंग असायची. लेजर हाताने, बेरीज हाताने. आता हसू नका, पण बँकवाला असून माझी बेरीज कच्ची होती. लांबलचक रकान्यात हमखास चूक. आमचे हेड कॅशियर तेलुगू, शिक्षण बेताचं, इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या तर घाम. पण नजर अशी की बेरीज डोळ्यांनी खाली उतरत जायची, आणि बोटाला खोटी नोट लगेच कळायची. त्यांचं सगळं इंग्रजी मी लिहायचो, माझी प्रत्येक बेरीज ते तपासायचे. शाखेत सगळ्यांना हे ठाऊक होतं. दोघांपैकी एकालाही लपवावं लागलं नाही. मॅनेजरांनी टेबलंच शेजारी लावून दिली होती. लपवलं असतं तर? माझी चूक रात्री दोनला सापडली असती, आणि त्यांच्या पत्राने हेड ऑफिसचा मेमो आला असता. माणसाला काय येतं आणि काय येत नाही, दोन्ही उघड असलं की काम होतं. एक जरी झाकावं लागलं तर सगळा वेळ झाकण्यात जातो.

समाजाचंही तसंच की. ज्याला गाता येतं त्याने गावं, ज्याला हिशेब येतो त्याने पावत्या फाडाव्यात, जिला तेलुगू येतं तिने अर्ज लिहावा. आणि जिचं लिंग चुकतं तिला कार्यक्रम संपल्यावर, बाजूला घेऊन, प्रसादाचा द्रोण हातात देऊन सांगावं, "बेटा, ते गाणं. बाकी फार छान बोललीस." सुधारणा कानात करायची असते, माईकवर नाही.

ज्येष्ठ सभासदांचा एक मुद्दा मात्र खरा आहे, तो टाळून पुढे जाणार नाही. ते म्हणतील, असं सगळं चालवून घेतलं तर दोन पिढ्यांत मराठी उरणार नाही. भीती खरी आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला संस्थान तुटलं, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि आपण इथे आंध्रात राहिलो. तेव्हा मी लहान होतो, पण घरातली चर्चा आठवते. वडिलांच्या कचेरीतले कितीतरी जण तिकडे गेले. स्टेशनवर पोचवून आले की वडील बराच वेळ बोलायचे नाहीत. ज्यांच्या पायाखालचं राज्यच बदललं त्यांना भाषेची भीती वाटणारच. १९३१ साली श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या अध्यक्षतेखाली ज्या गावात मराठी साहित्य संमेलन भरलं, त्या गावात मराठी पाटी शोधावी लागते, याचं दुःख मलाही आहे.

म्हणून तर म्हणतो, छापायचं ते शुद्ध छापा. साहित्य परिषदेच्या अंकात एक काना चुकला तरी मला खुपतं. ग्रंथसंग्रहालय जपा, वर्ग चालवा, मलाही त्या वर्गात बसवा. पण क्रम उलटा करू नका. आधी माणूस, मग व्याकरण. दारातच परीक्षा घेतली तर आत शिकायला कुणी उरणार नाही, आणि शुद्ध मराठी बोलणारे आपण दहा-बारा म्हातारे एकमेकांच्या चुका काढत बसू. तेही किती वर्षं?

मेसेज वाचला त्या रात्री मी ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा नंबर मिळवून फोन केला. आता ती गच्चीबावलीला नोकरी करते, दोन मुलांची आई आहे. मी म्हटलं, "बेटा, त्या गणपतीत मी हसलो होतो. चुकलं माझं." थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "काका, तुम्ही हसला ते मला माहीत पण नव्हतं. मला वाटलं सगळेच हसले." मग म्हणाली, "त्याच्यानंतर मंडपाकडे यायचं म्हटलं की नक्कोच वाटायचं." मी विचारलं, घरी मुलांशी काय बोलतेस? "मराठीच बोलते काका. माझ्यासारखंच."

'माझ्यासारखंच.' माझ्या घशात काहीतरी अडकलं. आपण हाकललेल्या पोरीने आपली भाषा वीस वर्षं एकटीने घरात सांभाळली, आणि आपण मात्र मंडपात तिची राखण करत बसलो होतो म्हणे!

या वर्षी येशील का, असं विचारलं. "बघते" म्हणाली. हो म्हणाली नाही, आणि तिने लगेच हो म्हणावं अशी आपली पतही नाही. पत परत मिळवायला वेळ लागतो, हे बँकवाल्याला वेगळं सांगायला नको.

तर माझी कमिटीला जाहीर विनंती : या वर्षी माईक पोरांच्या हातात द्या. पहिल्या रांगेत आपण बसू, आणि तोंड बंद ठेवू. पावतीपुस्तक घेऊन या वेळी ज्या घरी कधी गेलो नाही त्या घरी जाऊ. मी येतो बरोबर. गुडघे दुखतात, पण रिक्षा आहे.

सौ.ने ही पोस्ट तपासताना शेवटपर्यंत वाचली. चौदा चुका काढल्या. मग म्हणाली, "तो अंगठा मी नीट न वाचताच दिला होता हो," आणि काढून टाकला. 'पप्पू'वाला भाग मात्र ठेवा म्हणाली.

आपला,
आबिड्सचा एक निवृत्त बँकवाला